पाळणाघराचा रिव्ह्यू: पोस्टरला शून्य, तायांना साडेचार

लेकीला इथे घालून बरेच महिने झालेत, म्हणून आता लिहिते. 'आमच्याकडे सगळी मुलं सारखी' असं अ‍ॅडमिशनच्या वेळी सगळेच सांगतात आणि भिंतीवर हात धरून उभ्या असलेल्या मुलांचं पोस्टरही सगळीकडे असतंच, त्याला माझ्याकडून शून्य.

मार्क दिलेत ते कपाटाच्या दारावर चिकटवलेल्या कागदाला. ज्या मुलांच्या घरी वेगळी भाषा आहे त्यांच्या पालकांना विचारून पाणी, शू, दुखतंय, आई येतेय एवढे शब्द त्यावर लिहिलेत आणि ताया ते खरंच बोलतात, उच्चार ऐकून हसू येतं पण नवीन पोर रडायचं थांबतं ना, बास. एका मुलाला कमी ऐकू येतं, तर गोष्ट सांगताना ताई खिडकीकडे तोंड करून बसते म्हणजे उजेड तिच्या चेहऱ्यावर पडतो नि त्याला ओठ नीट दिसतात. पण त्याला वेगळं काढून बसवत नाहीत, सगळ्यांच्या घोळक्यातच असतो.

बाहुल्या गोऱ्या, सावळ्या, काळ्या सगळ्या आहेत, एक व्हीलचेअरवाली पण. फॅड वाटेल कुणाला, पण 1940 च्या आसपास अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या जोडप्याने 3 ते 7 वर्षांच्या काळ्या मुलांपुढे गोरी आणि काळी बाहुली ठेवली होती, तर बहुतेकांनी गोरीलाच चांगली म्हटलं. एवढ्या वयात हे डोक्यात बसलेलं असतं, म्हणजे शाळेत गेल्यावर बघू म्हणून चालत नाही.

आता कुरकुर. पडलेल्या मुलाला 'मुलगे रडतात का' आणि खेळणी आवरायला हाक मात्र मुलींनाच. मी बोलले, मॅडमनी ऐकून घेतलं, एक ताई बदलली, दुसरी जैसे थे. फॉर्मवर वडिलांचं नाव सक्तीचं, एकट्या आईने काय लिहायचं? आणि दाराशी रॅम्प केलाय पण वाळूच्या खेळाला चांगला उंच कठडा, म्हणजे व्हीलचेअरवाली बाहुली आत खेळते आणि खरं मूल आलं तर बाहेरून बघणार.

तरी मी लेकीला इथेच ठेवणारे. तुम्ही बघायला जाणार असाल तर पोरं खेळत असतात तेव्हा जा, ऑफिसात बसून काही कळत नाही.