साओना बेटाची एक दिवसाची सहल: बुकिंग करण्याआधी हे विचारा

डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये २०२३ साली पहिल्यांदाच वर्षाला १ कोटीहून जास्त पर्यटक आले. ही गर्दी नेमकी कशी दिसते ते साओनाच्या सहलीत कळतं. बेट कोतुबानामा राष्ट्रीय उद्यानात आहे. समुद्र अप्रतिम, पाचपैकी पाच. आयोजनाला मात्र तीनच गुण.

पुंता काना या पूर्व किनाऱ्यावरच्या पर्यटन भागातल्या हॉटेलांतून सकाळी बस निघते आणि तासा-दीड तासात बायाइबे गावात सोडते. पुढे स्पीडबोटीने अर्धा-पाऊण तास, कॅटामरानने (दोन सांगाडे जोडलेली संथ बोट) दीड-दोन तास. बहुतेक सहलींत जाताना एक आणि येताना दुसरी असते. स्पीडबोट लाटांवर जोरात आपटते, पाठदुखी असेल तर पुढच्या बाजूला बसूच नका. गरोदर बाईंनी दोन्ही वेळा कॅटामरानच मागून घ्यावी.

खरी अडचण वाटेत बोटी थांबतात त्या पाल्मियाच्या उथळ पाण्यात. सगळ्या बसेस एकाच सुमारास पोचतात, त्यामुळे बोटीही एकदमच येऊन थांबतात. कमरेएवढ्या पाण्यात तळाशी समुद्री गवत आहे, त्यावर मोठे केशरी तारामासे पसरलेले असतात. बोटींचे पंखे आणि नांगर हे गवत उपटतात. तारामासा फोटोसाठी वर उचलणं तर त्याच्या जिवावरच बेततं: तो श्वास घेतो तो अंगावरच्या नाजूक कल्ल्यांतून, आणि ते पाण्यातच काम करतात. गाइड स्वतः उचलून हातात देत असेल तर स्पष्ट नाही म्हणा. फोटो पाण्याखालीच काढा.

बुकिंगच्या वेळी एकच प्रश्न पक्का विचारा: बोट मानो हुआन गावात थांबते का? बऱ्याच सहली कंपनीने राखलेल्या किनाऱ्यावर बुफे आणि रम देऊन परततात, म्हणजे बेटावर राहणाऱ्यांच्या हाती फारसं काही लागत नाही. हे अन्यायाचं आहे. मानो हुआनमध्ये रंगीत लाकडी घरं आहेत, समुद्री कासवांची अंडी जपणारं केंद्र आहे, आणि गावातच जेवलात तर पैसे गावात राहतात. गर्दी टाळायची तर आदल्या रात्री बायाइबेला मुक्काम करून सकाळची पहिली बोट धरा.

जेवणात भात, राजम्यासारख्या कडधान्याची उसळ, कोंबडी आणि सॅलड. शाकाहारी असाल तर उसळीत मांस घातलंय का ते विचारून घ्या, स्पॅनिशमध्ये 'सिन कार्ने' म्हणजे मांसाशिवाय.

उन्हाळ्यात पुंता कानाच्या अटलांटिक किनाऱ्यावर सार्गासम शेवाळाचे ढीग लागतात. दक्षिणेकडच्या बायाइबे-साओनाला त्याचा त्रास सहसा कमी, म्हणून त्या महिन्यांत ही सहल जास्त फायद्याची.

देशात शिरताना लागणारं ई-तिकीट (विमानाचं तिकीट नव्हे, प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म) सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येतं. त्यासाठी पैसे मागणारी साइट दिसली तर तिथे कार्डाचा नंबर टाकू नका.