व्हायोलेटरमधलं एकच गाणं लावायचं असेल तर

एरंडवण्यात एका मित्राकडे महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ जण गाणी ऐकायला जमतो. नियम दोनच. प्रत्येकानं एकच गाणं लावायचं, आणि लावलं की ते पूर्ण ऐकायचं. मध्ये आवाज कमी-जास्त करायचा नाही, पुढे ढकलायचं नाही, "इथे ऐका हं, इथे ऐका" असं म्हणायचं नाही. या वेळी विषय आहे डेपेश मोड या ब्रिटिश बँडचा 'व्हायोलेटर' हा अल्बम. भाची पहिल्यांदाच येतेय. तिनं बुधवारीच फोन केला, "मामा, सगळे तेच लावणार ना? मग मी काय लावू?"

'तेच' म्हणजे कोणतं, हे तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. "तुझं तू बघ" म्हणून मी फोन ठेवला. पण माझं मत कधीचंच ठरलेलं आहे, आणि ते ठरायला कारण झाली एक अगदी क्षुल्लक कटकट. या अल्बमवरून वाद घालणाऱ्यांपैकी अजून कुणाचं ठरत नसेल तर बघा काही उपयोग होतो का.

आधी झटपट काही नावं बाजूला काढतो. 'पर्सनल जीझस'मध्ये जो ठोका ऐकू येतो तो माणसांनी सामान वाहायच्या मोठ्या पेट्यांवर पाय आपटून काढलेला आहे. परिणाम जबरदस्त आहे, वाद नाही. पण गणपतीच्या आधी दोन महिने नदीपात्रातल्या ढोल पथकांचा सराव ऐकत मोठ्या झालेल्या माणसांना ठोक्याचं फार कौतुक राहत नाही. शिवाय 2002 मध्ये अमेरिकी गायक जॉनी कॅशनं ते म्हटलं आणि निम्मं गाणं स्वतःच्या नावावर करून घेतलं. 'पॉलिसी ऑफ ट्रुथ' लोकप्रिय गाण्यांच्या क्रमवारीत ब्रिटनपेक्षा अमेरिकेत एक पायरी वर गेलं होतं, अमेरिकेत 15 आणि ब्रिटनमध्ये 16. माझ्या यादीत ते तिसरं. 'हेलो'बद्दल (फोनवरचा हॅलो नव्हे) मला वाईट बोलवत नाही. बँडची गाणी लिहिणाऱ्या मार्टिन गोरनं स्वतः गायलेली 'स्वीटेस्ट परफेक्शन' आणि 'ब्लू ड्रेस' ही दोन ज्यांना आवडतात त्यांना फारच आवडतात, आणि अशा माणसांशी वाद घालू नये. 'क्लीन' शेवटी यावं यातच त्याची शान आहे. एकटं काढून लावलं तर पंगतीत आधी ताक वाढल्यासारखं होतं. 'वर्ल्ड इन माय आइज' आमच्यातल्या एका काकांचं. बँडमधला अँडी फ्लेचर 2022 मध्ये गेला आणि पुढच्या वर्षीच्या दौऱ्यात उरलेल्या दोघांनी हे गाणं त्याच्या आठवणीत म्हटलं, तेव्हापासून ते दुसरं काही लावतच नाहीत. तिथे स्पर्धा करायची नाही.

उरतात दोन, आणि गंमत म्हणजे अल्बममध्ये ती एकमेकांना चिकटून आहेत: पहिल्या बाजूचं शेवटचं 'वेटिंग फॉर द नाइट' आणि दुसऱ्या बाजूचं पहिलं 'एन्जॉय द सायलेन्स'.

'एन्जॉय द सायलेन्स' हेच सर्वोत्तम असं कुणी म्हणालं तर मी मान डोलावतो. खरंच डोलावतो. गोरनं ते आधी संथ, हार्मोनियमच्या साथीवर बांधलं होतं. अॅलन वाइल्डर (हाही तेव्हा बँडमध्येच) आणि निर्माता फ्लड यांनी त्याला ठेका देऊन पळवायचं ठरवलं, तेव्हा गोरला ते रुचलं नाही. शांततेबद्दलच्या गाण्याला कसली घाई, हा त्याचा मुद्दा, आणि तो चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. पण मग त्यानंच गिटारवर ती ओळ वाजवली, जी आता कुठल्याही गावात कुणीही दोन सेकंदांत ओळखतो. 1991 मध्ये या गाण्याला सर्वोत्तम ब्रिटिश सिंगलचा (म्हणजे अल्बमबाहेर सुटं काढलेल्या गाण्याचा) ब्रिट पुरस्कार मिळाला. अँटन कॉर्बाइननं दिग्दर्शित केलेल्या त्याच्या व्हिडिओत बँडचा गायक डेव्ह गॅहन राजाचा मुकुट घालून, काखेत आरामखुर्ची मारून डोंगरदऱ्यांत फिरतो. वेताळ टेकडीवर पहाटे घडीची खुर्ची घेऊन येणारे एक आजोबा मला नेहमी तसेच दिसतात.

तो हार्मोनियमवाला अवतारही पुढे सिंगलसोबत बाहेर आला. आमच्या यजमान मित्राचे वडील नाट्यसंगीतातले, वय चौऱ्याऐंशी. त्यांना एकदा तो ऐकवला. पूर्ण ऐकून म्हणाले, "पेटी ठीक आहे. गाणारा मुलगा घाबरलाय, पण सुरात घाबरलाय." गोरच्या आवाजाचं याहून नेमकं वर्णन मी तरी वाचलेलं नाही.

आता कटकट. अल्बमवरचं 'एन्जॉय द सायलेन्स' सहा मिनिटं बारा सेकंदांचं आहे, पण गाणं सव्वाचार मिनिटांच्या आसपास संपतं. पुढे जवळजवळ दोन मिनिटं एक वेगळाच तुकडा आहे, ज्याचं नाव वेष्टनावर नाही: धूसर, खर्जातला, कुठून तरी जिन्याखालून आल्यासारखा. घरी एकटे अल्बम ऐकत बसलात तर तो ओलांडून 'पॉलिसी ऑफ ट्रुथ'वर यायला छान वाटतं. चार माणसांत मात्र तो घात करतो.

गेल्या वेळी व्हायोलेटरचा विषय होता तेव्हा मीच मोठ्या तोऱ्यात हे गाणं लावलं होतं. गाणं रंगलं. शेवटचा सूर गेला, कुणी तरी "वा!" म्हणालं, वहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या, दोघांनी गप्पा सुरू केल्या. आणि स्पीकरमधून ते घुमायला लागलं. आतल्या खोलीतून वडिलांनी विचारलं, "कोण आलंय रे?" मी उठून बंद करायला निघालो तर मित्रानं बोट वर केलं. नियम म्हणजे नियम. मग आठ माणसं हातात कप घेऊन दोन मिनिटं फरशीकडे बघत बसली. चहा प्यावा तर फुरका ऐकू येईल, न प्यावा तर साय धरेल. एवढं देखणं गाणं, पण त्या संध्याकाळी सगळ्यांच्या लक्षात राहिलं ते शेपूट. अजूनही कुणी उशिरा आलं की आतून हमखास येतं, "कोण आलंय रे?", आणि सगळे माझ्याकडे बघतात.

तुम्ही म्हणाल, मग सिंगलवरचं छोटं रूप लाव. लावता येईल. पण आम्ही अल्बमवर बोलायला जमतो, आणि अल्बममधलं गाणं म्हणजे अल्बममध्ये आहे तसं. हा माझा हट्ट असेल. पुण्यात राहतो, एखादा हट्ट असायचाच.

'वेटिंग फॉर द नाइट'शी माझी ओळख कॅसेटवर झाली. 1993 साली, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, होस्टेलवरच्या एका मुलानं साठ मिनिटांच्या कॅसेटवर अल्बम भरून दिला. साठची म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. पहिल्या बाजूची पाच गाणी पावणेपंचवीस मिनिटांत होतात. उरलेली पाच मिनिटं त्यानं कोरी सोडली होती. आपल्याकडे अशी जागा कुणी सोडत नसे, काही तरी कोंबायचेच. त्याच्याकडे बहुधा कोंबायला काही नव्हतं. त्यामुळे रात्री खोलीतला दिवा बंद केला की ते गाणं विरत विरत जायचं, आणि मग पाच मिनिटं नुसती टेपची सूं-सूं, बाहेर बेडूक, खाली वॉचमनची काठी, आणि शेवटी 'खट्'. डेकचं बटण आपोआप वर यायचं. खूप वर्षं मला वाटत होतं की ते 'खट्' गाण्यातलंच आहे.

या गाण्यात ढोल-ताशा नाही. खाली सोळा सुरांची एक माळ फिरत राहते, वर गॅहन आणि गोर दोघे जवळजवळ कुजबुजत गातात, बस. ती माळ एआरपी नावाच्या जुन्या सिंथेसायझरवर, त्याच्याच सीक्वेन्सरनं (लावून दिलेले सूर क्रमानं आपोआप वाजवणाऱ्या यंत्रानं) वाजवलेली आहे. त्या यंत्रात प्रत्येक सूर हातानं लावावा लागतो. त्यामुळे एखादा सूर केसभर चढा, एखादा केसभर उतरलेला, एखादा किंचित उशिरा. वाइल्डरचं म्हणणं, त्या गाण्याची मोहिनी या बारीक चुकांमध्येच आहे, आणि नव्या यंत्रांवर ते जमायला अवघड. सवाईला तानपुऱ्याच्या मागे बसून ज्यांनी ऐकलंय त्यांना हे वेगळं समजवायला नको. चार तारा, त्याच त्या, पण प्रत्येक फेरा निराळा उमटतो. मी काही मोजमाप केलेलं नाही, पण 'एन्जॉय द सायलेन्स'चा ठेका मला हजाराव्या वेळी तंतोतंत तसाच ऐकू येतो आणि ही माळ अजूनही तशी येत नाही.

दोषही सांगायला हवेत. फोनच्या स्पीकरवर हे गाणं जवळजवळ ऐकूच येत नाही. शेजारच्या कुकरची एक शिट्टी त्याला पुरते. कर्वे रस्त्याकडची खिडकी उघडी राहिली तर रविवारी सात वाजता तुम्ही हॉर्नच ऐकाल. सहा मिनिटांत 'आता सुरू होईल' असं वाटत राहतं आणि काही सुरू होत नाही. तिसऱ्या मिनिटाला कुणी तरी मोबाइल काढेल, त्यावर राग धरू नये. नाचायला, मिरवायला, पहिल्या भेटीत छाप पाडायला 'एन्जॉय द सायलेन्स'च बरं, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. ज्याला डेपेश मोड हे नावही माहीत नाही अशा माणसासमोर मीसुद्धा तेच लावेन.

एक व्यवहारातली गोष्टही आहे. आता अल्बम सलग वाजतो. 'वेटिंग फॉर द नाइट' संपून श्वास घ्यायच्या आत पुढचं सुरू होतं, आणि पुढचं म्हणजे तेच. 2023 च्या दौऱ्यात गॅहन आणि गोरनं 'वेटिंग फॉर द नाइट' प्रेक्षकांच्या जवळ येऊन, फारसा वाद्यमेळ न घेता म्हटलं. त्या चित्रफिती बघताना मला गाण्यापेक्षा त्यानंतरचे काही क्षण बघायचे असतात, लोक ओरडायला किती वेळ घेतात ते.

भाचीला काल रात्री परत फोन केला. म्हटलं, मला विचारशील तर 'वेटिंग फॉर द नाइट' लाव, पण मी म्हणतो म्हणून लावू नकोस. चहाच्या आधीची पाळी माग. खिडकी लावून घे. पुढचं गाणं आपोआप सुरू होणार नाही एवढं आधी बघून ठेव.

"आणि संपल्यावर?"

संपल्यावर लगेच उठू नकोस, म्हटलं. पाच मिनिटं कुणी देणार नाही. पण आतून आजोबा "झालं का रे?" विचारतील, तोवर तरी बस.