झोटेरो: संदर्भयादीसाठी घेतलं, ग्रुपसाठी ठेवलं

झोटेरो म्हणजे लेख-पुस्तकांचे संदर्भ जपून ठेवणारं सॉफ्टवेअर. त्याची शिफारस करणारा प्रत्येक जण संदर्भयादीबद्दलच बोलतो. बटण दाबलं की यादी तयार, शैली बदलली की आख्खी यादी बदलली. खोटं काही नाही त्यात. प्रबंध सबमिट करायच्या आदल्या आठवड्यात तर त्याचं मोल कळतंच. पण गेल्या पावसाळ्यापासून आमच्या कॉलेजातल्या एका प्रकल्पासाठी मी ते रोज उघडतेय आणि यादी करण्याची वेळ त्यात फार थोडी आली. मी ते ठेवलंय ते ग्रुप लायब्ररीसाठी, म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायच्या एकाच संग्रहासाठी.

प्रकल्पाचा विषय अगदी घरचा आहे: कोल्हापूर पद्धतीचे, फळ्या घालून पाणी अडवणारे बंधारे. एम.ए. भूगोलाची मुलं, मी आणि शेजारच्या कॉलेजातले एक सर. साहित्य मात्र नाना तऱ्हेचं. इंग्रजी शोधनिबंध, पाटबंधाऱ्याचे अहवाल, शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावरचे मराठी प्रबंध, जुनी गॅझेटिअर, २०१९ आणि २०२१ च्या महापुराच्या बातम्या. आधी हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर चालायचं. फोन भरला की मुलं फायली उडवायची आणि परीक्षेच्या तोंडावर मेसेज यायचा, "मॅडम, ती पीडीएफ परत टाका की."

माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात: झोटेरो मोफत आहे, मुक्तस्रोत आहे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासाच्या लोकांनी ते काढलं, आज एक ना-नफा संस्था चालवते. अशाच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर, मेंडेली, २०१३ मध्ये एल्सेव्हिअर या प्रकाशन कंपनीने विकत घेतलं. मुलांची वर्षानुवर्षांची टिपणं प्रकाशकाच्या हातात नसावीत, एवढ्या एका कारणावरून मी निवड केली. कुणाला हे कारण पुरेसं वाटणार नाही, चालेल.

डीओआय (निबंधाचा कायमचा ऑनलाइन ओळख-क्रमांक) असलेला इंग्रजी निबंध ब्राउझरमधल्या बटणाने एका क्लिकमध्ये आत येतो: लेखक, वर्ष, खंड, पानं, सगळं. निबंध मागे घेतला गेला असेल तर लाल इशाराही दिसतो. मोफत प्रत कुठे उपलब्ध असेल तर तीही शोधून देतं. जर्नलची वर्गणी न परवडणाऱ्या कॉलेजांना हे फार उपयोगी.

मराठीकडे वळलं की हा सगळा वेग संपतो. मराठी पीडीएफ आत टाकली तर बहुतेकदा नुसतं फाइलचं नाव दिसतं, कारण ज्या कोठारांतून माहिती ओढायची तिथे मराठी नोंदीच विरळ. आयएसबीएन टाकून पुस्तक आणलं तर शीर्षक अनेकदा रोमन लिपीत, अक्षरांवर टिंबं-रेघा घेऊन येतं. जुन्या पुस्तकांना आयएसबीएनच नाही. शोधगंगेवर प्रबंधाचं प्रत्येक प्रकरण वेगळी फाइल असते, म्हणून आम्ही प्रबंधाची नोंद एकच करतो आणि प्रकरणं तिच्याखाली लावतो. थोडक्यात, टायपिंग हातानेच.

पण ग्रुप असेल तर हे टायपिंग एकदाच होतं. एकाने नोंद केली की बाकीच्यांना ती तयार मिळते. आम्ही दोन-तीन नियम ठरवून टाकलेत. शीर्षक देवनागरीत. संस्थेचं नाव लेखकाच्या जागी असेल तर आडनाव-नाव असे दोन रकाने न ठेवता एकच रकाना, नाहीतर यादीत 'मंदिर, करवीर नगर वाचन' असलं काहीतरी छापून येतं. आणि बंधाऱ्याला कुणी केटी वेअर म्हणो, कुणी कोल्हापूर टाइप, टॅग एकच: 'केटी'.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो जुन्या फाँटनी. युनिकोडच्या आधी टाइप केलेल्या मराठी प्रबंधात ओळ हायलाइट केली की टिपणात चिन्हांची भेळ उतरते. डोळ्यांना पान स्वच्छ मराठी दिसतं, कॉपी केलं की काहीच्या काही. त्यावर आम्हाला सापडलेला उपाय म्हणजे वाचकखिडकीतलं चौकोन काढायचं साधन. हवा तो परिच्छेद चौकोनात घ्यायचा. तो चित्र म्हणून पान क्रमांकासह टिपणात बसतो आणि त्यावर क्लिक केलं की मूळ पान उघडतं. खाली स्वतः एक ओळ मराठीत लिहायची, म्हणजे शोध घेताना सापडतं. स्कॅन केलेल्या गॅझेटिअरलाही हेच.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे वेबपानाची प्रत. पावसाळ्यात कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीच्या बातम्या दिवसभर बदलत राहतात. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, त्यामुळे अख्खं शहर त्या आकड्याकडे डोळे लावून असतं. सकाळचा आकडा संध्याकाळी त्याच पानावर असेलच असं नाही. प्रत घेतली की पान होतं तसं, तारीखवेळेसह ग्रुपमध्ये राहतं.

करवीर तालुक्यातल्या एका मुलाने एका इंग्रजी निबंधाखाली टिपण जोडलं. निबंधात पावसाळ्यापूर्वी बंधाऱ्याच्या फळ्या काढाव्यात अशी कोरडी ओळ होती. त्याने लिहिलं, "बरगे (म्हणजे ह्याच फळ्या) काढायला उशीर झाला की पाणी तटतं आणि आमच्या रानात शिरतं. काढायचे कुणी, ह्यावरनं दरवर्षी वाद." वर्गात हा मुलगा तोंड उघडत नाही. आता त्या टिपणाखाली बाकीच्यांनी आपापल्या गावचे बंधारे लिहिलेत, आणि माझ्या मते प्रकल्पातला सर्वांत चांगला भाग तोच आहे.

अडचण जागेची. नोंदी आणि टिपणांना मर्यादा नाही, पण फायलींना मोफत जागा ३०० एमबीच. ग्रुपच्या फायली ग्रुपमालकाच्या खात्यावर मोजल्या जातात. एखाद-दोन जाडजूड स्कॅन अहवाल टाकले की संपलं. दुसऱ्या सर्व्हरवर फायली ठेवायची सोय वैयक्तिक लायब्ररीला आहे, ग्रुपला नाही. २ जीबीला वर्षाला २० डॉलर, आणि डॉलरचं बिल कॉलेजच्या हिशेबात कसं बसवायचं हा स्वतंत्र संशोधनाचा विषय! आम्ही जड स्कॅन ड्राइव्हवर ठेवतो, झोटेरोत फक्त दुवा. ग्रुपच्या सेटिंगमध्ये नोंदी सगळ्यांना करता येतील आणि फायली फक्त अ‍ॅडमिनला टाकता येतील, असं ठरवता येतं. हे पहिल्याच दिवशी करून टाका.

फोनवर अ‍ॅप आहे, वाचायला ठीक. मराठी नोंदी मात्र संगणकावरच कराव्यात. लॅबमध्ये काही इन्स्टॉल करू देत नसतील तर ब्राउझरमधूनही लायब्ररी चालते.

आता ती प्रसिद्ध यादी. इंग्रजी शैली वापरली की मराठी नावांच्या मध्ये 'अँड' आणि 'एट अल.' घुसतात. शैलीची फाइल ही साधी मजकुराची फाइल असते, म्हणून संगणक विभागातल्या एका सहकाऱ्याने त्यात 'आणि', 'व इतर', 'पृ.' घालून दिलं. मराठी-इंग्रजी नोंदी एकत्र असतील तर आधी इंग्रजी, मग मराठी येतात. आम्हाला दोन वेगळ्या याद्या लागतात, म्हणून ही एकत्र यादी मी शेवटी हातानेच मधोमध तोडते.

एकट्याने, दहा-पंधरा इंग्रजी संदर्भांवर लेख लिहायचा असेल तर एवढ्या खटाटोपाची गरज नाही. पण मुलांना घेऊन वर्षभर काम चालणार असेल तर नक्की घ्या, आणि ग्रुप कुणाच्या नावावर काढताय ते नीट बघा. ग्रुपमालकाची बदली झाली किंवा तो निवृत्त झाला तर मालकी दुसऱ्याकडे देता येते, पण ते मालकाने स्वतः लॉगिन करून करायचं असतं. आमच्याकडे सध्या ग्रुप माझ्या नावावर आहे, जूनमध्ये नवी बॅच आली की विभागाच्या ईमेलवर उघडलेल्या खात्याकडे देणार आहे.