तीन पिढ्यांच्या घरासाठी काय घ्यावे: केबल, फ्री डिश की वायफाय?

खानदेशातल्या एकत्र कुटुंबात करमणुकीच्या खर्चाचा विषय निघतो तो बहुधा रिचार्ज संपल्याच्या संध्याकाळी. त्या वेळी समोर तीन पर्याय असतात: पैसे भरून घेतलेली केबल किंवा डीटीएच जोडणी, प्रसारभारतीची डीडी फ्री डिश आणि घरगुती ब्रॉडबँडवर चालणारे यूट्यूब व ओटीटी. वाहिन्यांची संख्या मोजून त्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. घरात कोण, कोणत्या वेळी, काय पाहते हे आधी पाहावे.

केबल आणि डीटीएच अजून टिकून आहेत ते मुख्यतः संध्याकाळच्या मराठी मालिकांमुळे आणि त्या पाहणाऱ्या मधल्या पिढीमुळे. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार 2019 पासून वाहिन्या सुट्या निवडता येतात, तरीही फुल पॅक गळ्यात मारला जातो आणि त्यातल्या निम्म्याअधिक वाहिन्या घरात कोणी लावतही नाही. घरात दोन-तीनच मालिका पाहिल्या जात असतील तर तेवढ्याच वाहिन्या मागून घ्याव्यात. मात्र जोडणीचे मूळ शुल्क आणि जीएसटी चुकत नाही, त्यामुळे बचतीला मर्यादा राहते.

फ्री डिश 2004 पासून चालू आहे. छत्री आणि बॉक्स एकदा घेतला की महिन्याचा खर्च शून्य. सह्याद्री वाहिनी तिच्यावर कायम दिसते. खासगी वाहिन्यांना मात्र लिलावात जागा घ्यावी लागते, म्हणून आवडती वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असे नाही. बातम्या आणि जुने चित्रपट एवढ्यावर समाधानी असलेल्या आजोबांना ती पुरते, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या ज्या गावांत ब्रॉडबँडची तार पोचलेली नाही तिथे तिला तोड नाही. वळवाच्या पावसात चित्र जाते, एवढे सोसावे लागते.

वायफाय म्हणजे पोरांचे खूळ, हा समज या भागात तरी खरा ठरत नाही. अहिराणी गाणी आणि विनोदी चित्रफिती मोठ्या वाहिन्यांवर क्वचितच दिसतात, यूट्यूबवर मात्र त्यांची रेलचेल आहे. श्रावणात कानबाई ही खानदेशची लोकदेवी ज्या घरात बसते त्या घरात नातवाचा मोबाइल स्पीकरला जोडलेला असतो, आणि रोटांच्या, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या, स्वयंपाकात गुंतलेल्या आज्या, काकू त्यावरच्या कानबाईच्या गाण्यांना सूर देत असतात. ज्या पिढीला आपण टीव्हीची मानतो, तिची बोली तिला टीव्हीने फारशी दिलीच नाही, ती नातवाच्या मोबाइलने दिली. म्हणूनच ज्येष्ठांसाठी केबल आणि तरुणांसाठी वायफाय अशी सरधोपट वाटणी मला पटत नाही.

मोबाइलच्या डेटावर ही हौस भागवणे मात्र महागात पडते. एचडी दर्जाचा कार्यक्रम तासाला सुमारे 3 जीबी डेटा खातो, म्हणजे रोजच्या दीड-दोन जीबीत एक चित्रपटही पुरा होत नाही. शिवाय कानात हेडफोन घालून जो तो आपापल्या कोपऱ्यात बसतो. ब्रॉडबँड घ्यायचेच तर स्मार्ट टीव्हीला जोडून घ्यावे, म्हणजे पडदा निदान सगळ्यांचा राहतो. आकाशवाणी जळगावसाठी वेगळा खर्च नाही. शेतात जाणाऱ्याचा रेडिओ राहू द्यावा.

माझा कल स्पष्ट आहे: तार पोचली असेल तर ब्रॉडबँड आणि जोडीला फ्री डिश घ्यावी, केबल सोडावी. अपवाद दोन. घरातल्या ज्येष्ठ बाईला रिमोटच्या एका बटणावर मालिका लागलेली हवी असेल आणि ॲपमध्ये शिरणे जमत नसेल, तर मोजक्या वाहिन्यांची केबल राहू द्यावी. आणि गावात वीज वारंवार जात असेल तर वर्षभराचे पैसे एकदम भरण्याआधी, वीज गेल्यावर ब्रॉडबँड चालू राहते का, हे ज्या शेजाऱ्याकडे ते आधीच आहे त्याला विचारावे. चालू राहत असेल तर आपला राउटर इन्व्हर्टरवर घ्यावा, राहत नसेल तर महिन्याचाच प्लॅन बरा.