जुन्या वजन काट्याचं नाण्याचं यंत्र: दुरुस्त करायचं का इलेक्ट्रॉनिक बसवायचं?

परभणी, जालना भागात रुपया टाकून वजन सांगणारा जुना काटा कुणाकडं पडून असेल तर माझं मत सरळ आहे, आधी जुनं यंत्र दुरुस्त करून बघा. त्यात नाणं आकार आणि वजनावर पारखलं जातं, लाईट गेली तरी ते नाणं पारखतं, आणि निम्म्या वेळा नुसती धूळच अडकलेली असते. खोलून कोरड्या ब्रशनं साफ करा, नाण्याच्या वाटेत तेल अजिबात टाकू नका, आपल्याकडची धूळ तेलावर बसली की चिखलच होतो, लागलंच तर ग्रॅफाइट पावडर.

खरी अडचण नाण्याची आहे. 1992 चा स्टीलचा रुपया 25 मिमी, 4.85 ग्रॅम, आणि 2011 चा जवळपास 22 मिमी, 3.79 ग्रॅम, म्हणून नवा रुपया जुन्या खाचेतून सरळ खाली पडतो. पण 2011 चं दोन रुपयाचं नाणं बरोबर जुन्या रुपयाच्याच मापाचं आहे, ते मस्त चालतं!

इलेक्ट्रॉनिकमध्ये नमुन्याचं नाणं आत लावलं की बाकीची त्याच्याशी ताडून घेतली जातात, बदल सोपा. पण 12 व्होल्टचा सप्लाय लागतो, अन् बहुतेक वेळा जुन्या पत्र्याला नवं भोक पाडावं लागतं, ते मला बघवत नाही.