'कस्टम ट्यून' म्हणून विकली जाणारी तयार फाइल: रोज चालवायच्या टर्बो गाडीवाल्यांसाठी

टर्बो पेट्रोल गाडी रीमॅप करून घेतली (ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलून घेतली) की पहिल्या दिवशी फसवणूक कळत नाही. पाय दाबला की पाठ सीटला चिकटते आणि पैसे वसूल झाले असं वाटतं. पण टॉर्क वाढवणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम आहे. जी गाडी रोज ट्रॅफिकमध्ये तापते, पंपावर मिळेल ते पेट्रोल पिते आणि भर उन्हात चढ चढते, तिच्यात तो टॉर्क दोन-तीन वर्षं टिकवणं खरं अवघड. मालकाने पैसे मोजलेले असतात ते टिकवण्याचे. त्याच्या हातात बहुतेक वेळा पडतो तो नुसता वाढवलेला टॉर्क.

घडतं ते असं. 'तुमच्याच गाडीसाठी खास कस्टम ट्यून' असं कबूल केलं जातं. प्रत्यक्षात गाडी ज्याच्या ताब्यात असते त्याच्याकडे स्लेव्ह टूल, म्हणजे फाइल नुसती वाचणारं आणि चढवणारं यंत्र असतं. या टूलने ईसीयूमधून (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधून) वाचलेली फाइल एन्क्रिप्टेड असते, ती त्याला स्वतःला उघडताही येत नाही. तो ती दुसरीकडे फाइल-सर्व्हिसला पाठवतो, तिकडून सॉफ्टवेअर नंबरला जुळणारी तयार 'स्टेज १' (पहिल्या पायरीची ट्यून) येते आणि तीच गाडीत चढते. तयार फाइल वाईटच असते असं अजिबात नाही, काही फार विचारपूर्वक केलेल्या असतात. लबाडी आहे ती तयार मालाला कस्टम म्हणण्यात आणि कस्टमचे पैसे घेण्यात. ओळखायची खूण सोपी आहे: कस्टम ट्यून एकदा फाइल चढवून होतच नाही. बेस फाइल, लॉग (गाडी चालवताना घेतलेली सेन्सरच्या आकड्यांची नोंद), दुरुस्ती, पुन्हा लॉग, अशा तीन-चार फेऱ्या तरी होतात. तासाभरात चावी परत मिळाली आणि लॉगचं नावही निघालं नाही, तर ती तयार फाइल समजा.

'ओरिजिनल फाइलचा बॅकअप आहे आमच्याकडे' हे वाक्यही तपासून घ्यावं. बऱ्याच ईसीयूंमधली मूळ फाइल ओबीडी पोर्टवरून (गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटवरून) पूर्ण वाचताच येत नाही. तेव्हा टूल 'व्हर्च्युअल रीड' करतं, म्हणजे नुसता सॉफ्टवेअर नंबर वाचून सर्व्हरवरची स्टॉक फाइल आणतं. एरवी ती चालते, पण ती तुमच्या गाडीतून निघालेली नसते. म्हणून गाडी देण्याआधी साध्या ओबीडी स्कॅनरने मोड ०९ उघडून कॅलिब्रेशन आयडी (फाइलचं नाव) आणि सीव्हीएन नंबर (फाइल बदलली का ते सांगणारा पडताळणीचा आकडा) यांचा फोटो काढून ठेवा. काम झाल्यावर पुन्हा काढा. दोन्ही अगदी तेच राहिले तर थेट विचारा. एक तर ईसीयूला हात लागलेला नाही, नाहीतर बदल मुद्दाम लपवलेला आहे.

हात न लागण्याचा प्रकार म्हणजे रीमॅप सांगून पिगीबॅक बॉक्स बसवणं. हा बॉक्स बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) मोजणारा सेन्सर आणि ईसीयू यांच्या मध्ये बसतो आणि ईसीयूला खरा दाब कमी करून सांगतो. ईसीयूला वाटतं बूस्ट कमी पडतोय, मग तो टर्बोला आणखी दाब द्यायला लावतो. अशा गाडीचा ओबीडी लॉग घेतला तर बूस्ट स्टॉकइतकाच दिसतो, कारण ईसीयूलाच खोटं सांगितलेलं असतं. बॉनेट उघडा, इंटरकूलरकडून येणारा पाइप धरून सेन्सरपर्यंत जा आणि कनेक्टर चाचपून बघा. कंपनीच्या वायरिंगवर कापडी टेप असते. तिथे चकचकीत प्लास्टिक टेप, प्लास्टिकचे टाय आणि दोन जादा कनेक्टर दिसले तर समजून जा. ओबीडी पोर्टमध्ये खोचायच्या, दिवे लुकलुकवणाऱ्या 'पॉवर चिप' तर विचारातसुद्धा घेऊ नका.

यापेक्षा वाईट प्रकार आहे तो इशारे बंद करण्याचा. 'चेक इंजिन लाइट कधीच लागणार नाही' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर तिथेच थांबा. लाइट लागू नये म्हणून फाइलमध्ये बिघाडाचे कोडच बंद केलेले असतात. पी०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही. तो बंद करणं बहुतेक देशांत प्रदूषणाच्या नियमांविरुद्ध आहे आणि गाडी तपासणीत अडकू शकते. पी०२९९ बूस्ट कमी पडल्याचा, पी०२३४ बूस्ट प्रमाणाबाहेर गेल्याचा. आणि पी००८७, म्हणजे फ्युएल रेलमधला (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाब कमी पडतोय, हा बंद केलेला आढळला तर ती फाइल गाडीत एक दिवसही ठेवू नये. फुल थ्रॉटलला पेट्रोल कमी पडलं की मिश्रण पातळ होतं, सिलिंडरमधलं तापमान चढतं, आणि मालकाला सांगणारं कुणी उरत नाही.

नॉक सेन्सरचंही तसंच. इंजिन ठोकायला लागलं (मिश्रण अवेळी पेटून दणके बसायला लागले) की ईसीयू त्या सिलिंडरचं इग्निशन टायमिंग मागे घेतो. फाइलमध्ये ही संवेदनशीलता बोथट केली की लॉग स्वच्छ दिसतो आणि पिस्टन मात्र मार खात राहतो. ९५ ऑक्टेनचं पेट्रोल, तापलेलं इंजिन, भरपूर बूस्ट, आणि तरीही प्रत्येक रनमध्ये सगळ्या सिलिंडरचं रिटार्ड (टायमिंग मागे घेणं) ठोक शून्य? हे चांगलं लक्षण नाही. निरोगी इंजिनातही एखाद्या सिलिंडरला अधूनमधून १ ते ३ अंश मागे येणं दिसतंच.

आता लॉगबद्दल, कारण खरं-खोटं तिथेच ठरतं. डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा बंद ट्रॅकवर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये २५०० आरपीएमपासून रेडलाइनच्या जवळपर्यंत फुल थ्रॉटल रन घ्या. एकच नको. लागोपाठ तीन घ्या. एकाच थंड रनचा लॉग दाखवून गिऱ्हाईक पटवलं जातं, म्हणून हे सांगतोय. नोंदवायचं काय: मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, प्रत्येक सिलिंडरचं रिटार्ड, लॅम्डा (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण), इनटेक हवेचं तापमान, मागितलेला आणि मिळालेला रेल प्रेशर, वेस्टगेट ड्यूटी (बूस्ट आवरणाऱ्या झडपेला दिलेला हुकूम, टक्क्यांत).

फसव्या फाइलचा लॉग साधारण असा असतो. पहिला रन सुंदर. तिसऱ्यापर्यंत इनटेकचं तापमान ६० अंशांवर गेलेलं, दोन-तीन सिलिंडर ६ ते ८ अंश मागे, रेल प्रेशर मागितला २०० बार आणि मिळाला १६५, वेस्टगेट ड्यूटी ९५ टक्क्यांवर टेकलेली. म्हणजे पंपही हातघाईवर आणि टर्बोही. रोजच्या ट्रॅफिकमधून बाहेर पडून ओव्हरटेकला पाय दाबला की गाडीची अवस्था या तिसऱ्या रनची असते, पहिल्याची नव्हे. बऱ्या फाइलमध्ये तिसऱ्या रनलाही मिळालेला बूस्ट मागितलेल्याच्या ०.१ बारच्या आत राहतो आणि लॅम्डा ०.८० ते ०.८८ च्या दरम्यान. उष्णता वाढली की ती फाइल आपणहून बूस्ट थोडा कमी करते. ही कपात कमजोरी नाही, ती हवीच.

डायनोचा कागद पुरावा म्हणून देतात, त्याला एक गणित लावा. न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ९५४९, म्हणजे किलोवॅट. ५००० आरपीएमला ४०० न्यूटन-मीटर असतील तर २०९ किलोवॅट, म्हणजे २८५ पीएस. कागदावर त्याच जागी ३१० पीएस छापले असतील तर आलेख हाताने सजवलेला आहे. मग करेक्शन, म्हणजे हवामानानुसार आकड्यात केलेली दुरुस्ती, बघा: जुनी एसटीडी पद्धत एसएईपेक्षा सुमारे ४ टक्के जास्त आकडा देते, आणि 'आधी' एसएई, 'नंतर' एसटीडी लावून फरक फुगवता येतो. हवेचं तापमान मोजणारा प्रोब गरम इंजिनजवळ ठेवला तरी आकडा चढतो. दोन्ही रन एकाच दिवशी, त्याच डायनोवर, त्याच गिअरमध्ये, तोच पंखा लावून झालेले असतील तरच तुलनेला अर्थ.

खालच्या आरपीएमचा झटका हा विकण्याचा हुकमी मार्ग, आणि इंजिनाला सगळ्यात घातक. १५००-१८०० आरपीएमला भरपूर बूस्ट, वरचा गिअर, पाय तळाला: डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिनात इथेच एलएसपीआय होतं, म्हणजे ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं. ईसीयूला टायमिंग मागे घेऊन हे थांबवता येत नाही, कारण ठिणगीचा संबंधच आलेला नसतो. एका दणक्यात पिस्टनच्या रिंगांमधला कठडा तुटू शकतो. टॉर्क २५०० च्या आसपासपर्यंत आवरलेला आहे का, ते विचारा. ऑइल एपीआय एसपी दर्जाचं वापरा. २०२० साली आलेल्या या दर्जात एलएसपीआयची चाचणी आहे. बदल ७-८ हजार किलोमीटरला. आणि चढावर वरच्या गिअरमध्ये रेटू नका, एक गिअर खाली घ्या.

'प्लग स्टॉकच चालतील' हेही सर्रास सांगतात. वाढलेल्या बूस्टला गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर आणि बहुधा एक पायरी थंड प्लग लागतो. इथे आकड्यांची गफलत होते: एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा कमी झाला की थंड.

बिलावर लिहून घ्यायचं ते असं: फाइलचा व्हर्जन, ती किती ऑक्टेनसाठी आहे (९८ ची फाइल ९५ वर रोज चालवणं म्हणजे रोज रिटार्ड), कमाल बूस्ट, कोणते कोड बंद केले, आणि सर्व्हिस सेंटरच्या सॉफ्टवेअर अपडेटने ट्यून पुसली गेली तर ती पुन्हा कोण आणि किती वेळा चढवणार. अपडेटनंतर नव्याने पूर्ण पैसे मागण्याचे प्रकार फार आहेत. 'स्टॉक केली की वॉरंटीवाल्यांना कळत नाही' हेही खोटं. अनेक ईसीयूंमध्ये फ्लॅश काउंटर (फाइल किती वेळा चढवली ते मोजणारा) असतो आणि तो मागे जात नाही.

आधीच फसला असाल तर कोड पुसू नका, लॉग आणि सीव्हीएनचे फोटो जपा, फुल थ्रॉटल बंद करा. प्लग काढून त्याच्या टोकाच्या पांढऱ्या चिनी मातीवर भिंगातून बघा. मिठाच्या दाण्याएवढे करडे, चमकणारे ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. मग बोरस्कोप (सिलिंडरच्या आत बघायचा कॅमेरा) आणि लीक-डाउन (सिलिंडरमधून हवा किती गळते याची) चाचणी होईपर्यंत गाडी चालवू नका. ठिपके नसतील तर स्टॉक फाइल चढवा, काही दिवस साधी चालवा आणि रेडिनेस मॉनिटर (ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या) पूर्ण होऊ द्या. या काळात पी०४२० किंवा पी००८७ ची लाइट लागली तर स्टॉक फाइलने बिघाड केला असं कुणी म्हणेल, ते मानू नका. तो बिघाड आधीपासून होता, आता फक्त दिसायला लागला.