पायटेस्ट-जँगो आणि पायटेस्ट-एक्सडिस्ट: वेग नेमका कुठून मिळतो

जँगो या पायथन फ्रेमवर्कवर उभारलेल्या वेब ॲप्लिकेशनच्या युनिट टेस्ट (कोडचे छोटे भाग तपासणाऱ्या चाचण्या) रेंगाळू लागल्या की पुष्कळ जण लगेच पायटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या साधनाला पायटेस्ट-एक्सडिस्टची जोड देतात आणि टेस्ट प्रोसेसरच्या सगळ्या कोअरवर वाटून मोकळे होतात. हे प्लगइन उत्तमच आहे. मात्र माझ्या मते त्याचा क्रम शेवटचा असावा.

आधी पायटेस्टचा ‘ड्युरेशन्स’ हा पर्याय १० हा आकडा देऊन चालवावा. सर्वाधिक वेळ घेणाऱ्या दहा टप्प्यांची यादी शेवटी छापली जाते आणि तो वेळ सेटअपमध्ये (आधीची तयारी) गेला, कॉलमध्ये (प्रत्यक्ष टेस्ट) की टिअरडाउनमध्ये (नंतरची आवराआवर), हेही समजते. प्रत्यक्ष कॉल किरकोळ आणि सेटअप अवजड असे दिसले, तर वापरकर्ता तयार करणाऱ्या फिक्स्चरकडे, म्हणजे टेस्टची तयारी करून देणाऱ्या फंक्शनकडे, पहिल्यांदा पाहावे. जँगो पासवर्ड मुद्दामच सावकाश हॅश करते, म्हणजे मूळ शब्द ओळखता येणार नाही अशा रूपात बदलते: त्यासाठीच्या पीबीकेडीएफ२ या पद्धतीची आवर्तने ४.२ आवृत्तीत ६,००,००० होती, ती ५.२ मध्ये १०,००,००० झाली. टेस्टपुरत्या वापरकर्त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? केवळ टेस्टच्या सेटिंग्जमध्ये एमडी५ हा वेगवान हॅशर लावला की हा वेळ वाचतो, आणि जँगोचे अधिकृत दस्तऐवजही हाच उपाय सुचवतात.

जँगोच्या टेस्ट पायटेस्टने चालवू देणाऱ्या पायटेस्ट-जँगो या प्लगइनचा ‘रीयूज-डीबी’ पर्याय मला सर्वांत उपयुक्त वाटतो, कारण टेस्टचा डेटाबेस दर वेळी नव्याने उभारून सगळी मायग्रेशन्स (टेबलांची रचना घडवणाऱ्या पायऱ्या) पुन्हा चालवावी लागत नाहीत. स्कीमा, म्हणजे टेबलांची रचना, बदलल्यावर मात्र डेटाबेस नव्याने उभारणारे ‘क्रिएट-डीबी’ आठवणीने द्यावे लागते. ते राहिले तर भलत्याच चुका दिसतात आणि दोष कोडमध्ये शोधला जातो. प्रत्येक टेस्टनंतर ट्रान्झॅक्शन रोलबॅक होते, म्हणजे तिने डेटाबेसमध्ये केलेले बदल मागे घेतले जातात, हेही वेगाच्या पथ्यावर पडते. ‘ट्रान्झॅक्शन ट्रू’ लिहिले की रोलबॅकऐवजी सगळी टेबले रिकामी केली जातात, म्हणून ते गरजेपुरतेच वापरावे.

एवढे झाल्यावर एक्सडिस्टचा खरा लाभ होतो. ‘एन ऑटो’ दिले की संगणकाच्या कोअरइतके वर्कर (टेस्ट चालवणाऱ्या स्वतंत्र प्रोसेस) सुरू होतात, आणि पायटेस्ट-जँगो प्रत्येकाला स्वतंत्र डेटाबेस देते, त्यामुळे एकाच्या नोंदी दुसऱ्याच्या टेस्टमध्ये येत नाहीत. पण सेशन स्कोपचे, म्हणजे सगळ्या टेस्टसाठी सामाईक असलेले, फिक्स्चर एकदाच चालेल ही समजूत येथे खोटी ठरते. ते दर वर्करमागे एकदा चालते, आणि महागडी तयारी त्यात कोंबलेली असेल तर आठ वर्करवर ती आठदा होते. क्रमावर विसंबून लिहिलेल्या टेस्टही उघड्या पडतात, जे मी गुणच मानतो. प्रिंटचे आउटपुट थेट पाहता न येणे आणि पीडीबी हा पायथनचा डीबगर न चालणे या उणिवा मात्र रोज जाणवतात.

म्हणून ‘एन ऑटो’ कॉन्फिगरेशनमध्ये कायमचे लिहून ठेवणे मला पटत नाही. ते सीआयच्या, म्हणजे कोडमधील बदलांवर टेस्ट आपोआप चालवणाऱ्या व्यवस्थेच्या, आज्ञेत असावे. एका फाइलवर काम करताना ‘एलएफ’ देऊन मागच्या वेळी नापास झालेल्या टेस्टच एका प्रोसेसमध्ये चालवाव्यात, कारण दहा-वीस टेस्टसाठी वर्कर उभे करण्यातच अधिक वेळ जातो.